मोसंबीची पिवळी फांदी : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

पाऊस पडला, नवती म्हणजे कोवळी पालवी फुटली आणि पत्रं सुरू झाली. या वेळी मोसंबीचीच इतकी आली की डाळिंब आणि सीताफळवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबायला सांगावं लागतंय. त्यांनी राग मानू नये. या पत्रांमधली काळजी मला फार जवळची आहे. का, ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी तीन एकर मोसंबी आहे, झाडं आठ वर्षांची. मागच्या दिवाळीपासून सात-आठ झाडांची एकेकच फांदी पिवळी पडलीय, बाकी झाड हिरवंगार. दुकानदारानं जस्ताच्या तीन फवारण्या करायला लावल्या. थोडा फरक वाटला, पण फांदी काही सुधारली नाही. शेजारी म्हणतो कोळशी आहे, भाऊ म्हणतो डिंक्या. काहून होतंय हे?
— एक शेतकरी, ता. अंबड

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं 'एकेकच फांदी' हे वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ नुसती बसले. आमच्या बागेतही सुरुवात अशीच झाली होती.

कोळशी नाही ही. कोळशी काळ्या माशीमुळं येते, पानं काजळी धरल्यासारखी काळी होतात. डिंक्या असता तर खोडावर डिंक दिसला असता, आणि मुळं सडल्यामुळं सगळं झाडच मलूल झालं असतं. जस्ताची कमतरता आपल्या चुनखडीच्या जमिनीत घरोघरी आहे, म्हणून दुकानदाराला पहिलं तेच सुचलं. पण जस्त कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा होतो, पानं लहान आणि अरुंद येतात. हे झाडावर सगळीकडं दिसतं, आणि एका झाडावर दिसलं की ओळीतल्या दहा झाडांवर दिसतं.

आता एक करा. त्या पिवळ्या फांदीचं जून पान तोडा आणि मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही अर्ध्या भागांची तुलना करा. कमतरतेच्या पानात दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या दिसतात. डाव्या अर्ध्यात पिवळा डाग एका जागी, उजव्यात भलत्याच जागी, आणि डाग शिरा ओलांडून पसरलेला असेल, तर मला ग्रीनिंग या रोगाचा संशय येतो. फळही उभं कापून बघा. फळ एका बाजूला कलंडलेलं, मधला दांडा वाकडा आणि बिया पोचट, तपकिरी असतील तर संशय वाढतो. फळाच्या रंगावर मात्र जाऊ नका. पुस्तकात लिहिलेलं असतं की रोगी फळ खालच्या टोकाला हिरवंच राहतं, रोगाचं नावही त्यावरूनच पडलं. पण आपली मोसंबी चांगली असली तरी हिरवटच बाजारात जाते. पाचोडच्या मोंढ्यात रंग बघून रोग ओळखायला गेलात तर फसाल.

ग्रीनिंग हा बुरशीचा रोग नाही. पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांमधून फळांकडं आणि मुळांकडं जाते, त्या नळ्यांमध्ये राहणारा हा एक जिवाणू आहे. नळ्या चोंदतात, साखर पानातच अडकून तिचा स्टार्च साठतो आणि मुळं उपाशी मरायला लागतात. वरची फांदी पिवळी दिसते तोवर खालची बरीच तंतुमुळं गेलेली असतात. मग झाडाला जमिनीतलं जस्तही उचलता येत नाही, म्हणून रोगी झाडावर जस्ताच्या कमतरतेचीही लक्षणं दिसतात. तुम्हाला फवारणीनंतर 'थोडा फरक' वाटला तो यामुळं. त्या थोड्या फरकानंच माणूस अडकतो.

मी अडकले होते. नोकरीत असताना मी कृषी सहायक म्हणून गावोगाव हीच लक्षणं सांगत फिरले आहे. आमची जुनी बाग २०१२-१३ च्या दुष्काळात वाळली, तशी जालना जिल्ह्यातल्या अनेकांची वाळली. पाऊस आल्यावर आम्ही घाईनं २८० कलमं लावली. सगळ्यांनाच कलमं हवी होती, चांगल्या रोपवाटिकेत नंबर लागेना, म्हणून एका ठिकाणाहून स्वस्तात गाडी भरून आणली. कलमावर बांधलेले डोळे, म्हणजे कोंब, कोणत्या झाडाचे भरले हे मी विचारलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तीच कलमं टँकरच्या पाण्यावर जगवली, एकेका आळ्यात घागरीनं पाणी घालून. आणि २०१८ च्या पावसाळ्यात चौथ्या ओळीत एक फांदी पिवळी झाली. मी दोन हंगाम जस्त फवारत राहिले. दुसऱ्याला मी काय सांगितलं असतं ते मला पाठ होतं, पण स्वतःच्या झाडाबद्दल ते मान्य करवेना. त्या दोन हंगामांत रोग सहा झाडांवरून सेहेचाळीस झाडांवर गेला.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, जस्ताची चौथी फवारणी करू नका. आजच संशयित झाडांना लाल चिंधी बांधा. घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. संशयित पान आणि निरोगी झाडाचं त्याच वयाचं पान, दोन्ही बारीक पॉलिश पेपरवर सारखेच घासा, तो चोथा वेगवेगळ्या वाटीत चमचाभर पाण्यात कालवा आणि दोन्हीत टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. स्टार्च साठलेल्या पानाचं पाणी काळं पडतं. फांदीची साल खरवडलेली असली किंवा मुळं दुसऱ्या कारणानं खराब असली तरी स्टार्च साठू शकतो, त्यामुळं यावर झाड तोडू नका. खात्री पीसीआर तपासणीनंच, म्हणजे पानातला जिवाणू प्रयोगशाळेत शोधूनच होते. पानं देठासकट, कोरडी, कागदात गुंडाळून बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राला किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. तपासणीसाठी पुढं कुठं पाठवायचं ते तिथून समजेल. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या रोगावर काम करते.

रोग पक्का ठरला तर ती सात-आठ झाडं काढावी लागतील. नुसती पिवळी फांदी छाटून भागत नाही, जिवाणू तोवर झाडभर फिरलेला असतो. काढण्याआधी त्या झाडांवर कीटकनाशक फवारा, नाहीतर झाड पडताच त्यावरची, हा रोग पसरवणारी कीड उठून शेजारच्या झाडावर जाईल. बुंधा मुळासकट उपटा. ठेवलेल्या बुंध्याला फूट आली की ती कोवळी फूटही रोगीच असते, आणि किडीला कोवळं तेच हवं असतं.

प्रश्न : ताई, आमच्या अंगणात सासूबाईंनी लावलेलं कढीपत्त्याचं मोठं झाड आहे. मागं दीड एकर मोसंबी. भावकीतले लोक म्हणतात, कढीपत्त्यामुळं मोसंबीला रोग येतो, झाड तोडा. सासूबाई ऐकत नाहीत. खरं काय?
— एक गृहिणी, ता. घनसावंगी

उत्तर : ताई, भावकीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ग्रीनिंग एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारी कीड म्हणजे सिट्रस सायला, आणि तिला कढीपत्ता फार आवडतो. मोसंबी आणि कढीपत्ता एकाच कुळातले. पण तो जिवाणू कढीपत्त्याच्या झाडात घर करत नाही. म्हणजे तुमच्या अंगणातलं झाड रोगाचा साठा नाही, ते किडीला मिळालेलं माहेर आहे. तिथं वाढलेली सायला बागेत जाऊन रोगी झाडावर बसली तर पुढं तोच रोग वाटत फिरते.

सासूबाईंचं झाड ठेवा. फक्त त्याच्यावर लक्ष मोसंबीइतकंच ठेवा. कढीपत्ता आपण सारखा खुडतो, म्हणून त्याला सारखी कोवळी पालवी येते आणि सायलाला बारा महिने अंडी घालायला जागा मिळते. आठवड्यातून एकदा शेंड्यांवर नजर टाका. पिवळसर-नारिंगी, चपटी, लाल डोळ्यांची बारीक पिल्लं आणि त्यांच्या मागं पांढरे मेणाचे पीळदार दोरे दिसले की तो शेंडा कापून पिशवीत घालून नष्ट करा. खायच्या पाल्यावर बागेतलं औषध मारू नका. झाड वाढून हाताबाहेर गेलं असेल तर ते पाऊस सुरू होण्याआधी कमरेएवढं छाटून घ्या, मग बघणं सोपं जातं. आणि कढीपत्त्याच्या फांद्या, रोपं एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नका. कुंपणाला शोभेसाठी लावतात ती कामिनी, तिच्यावरही सायला तितकीच राहते. बागेच्या कुंपणाला कामिनी असेल तर ती मात्र मी काढूनच टाकेन.

प्रश्न : मी दर पंधरा दिवसांनी फवारतो. इमिडाक्लोप्रिड झालं, मग थायमेथोक्झाम, मग पुन्हा दुसऱ्या कंपनीचं इमिडा. तरी सायला आहेच, आणि आता फळांवर मंगूही वाढलाय. औषध बनावट आहे का?
— एक बागायतदार, ता. गेवराई

उत्तर : बापू, बनावट असेलही, पण तुमच्या पत्रात दुसरंच कारण दिसतंय. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम एकाच गटातली औषधं आहेत. नाव बदललं, कंपनी बदलली, तरी किडीच्या शरीरात घाव एकाच ठिकाणी बसतो. तो घाव सोसणारी सायला वाचते आणि तिचीच प्रजा वाढते. डब्यावरचं मोठं नाव सोडून खालचं बारीक तांत्रिक नाव वाचायची सवय लावा. पुढची फवारणी वेगळ्या गटाची हवी, आणि मधल्या एखाद्या फवारणीत निंबोळी तेल. प्रमाण मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ते उत्पादनाप्रमाणं बदलतं, आणि लिंबूवर्गीय पिकासाठी शिफारस आहे का हेही डब्यातल्या पत्रकावरच बघावं लागतं.

मंगू, म्हणजे फळाच्या सालीवरचे तांबूस-काळसर डाग, कोळ्यांमुळं येतो. सारखी कडक औषधं मारली की कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळ्यांना रान मोकळं मिळतं. म्हणजे तुम्ही सायलासाठी खर्च करून मंगू वाढवलात.

आता वेळेचं. 'दर पंधरा दिवसांनी' हे कॅलेंडर तुमचं आहे, सायलाचं नाही. तिची मादी फक्त कोवळ्या नवतीवर अंडी घालते, उमलायच्या बेतातल्या पालवीच्या घडीत. एक मादी आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं पाच वेळा कात टाकतात आणि उबदार हवेत पंधरा-वीस दिवसांत पिढी पूर्ण होते. आणि रोगाच्या दृष्टीनं खरी गोम पिल्लांत आहे. पिल्लू रोगी फांदीवर वाढलं तर त्याच्या अंगात जिवाणू मुरतो आणि पंख फुटल्यावर ते जन्मभर रोग वाटत फिरतं. पान जून झालं की पिल्लं त्यावर वाढू शकत नाहीत. म्हणजे फवारणीची वेळ नवतीचा डोळा मुगाच्या दाण्याएवढा फुगला की. हातभर पालवी वाढून पानं मुरडल्यावर फवारलं तर त्या नवतीचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

अंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याची, एक गोष्ट लक्षात ठेवा. बाग ताणावर, म्हणजे पाणी बंद करून ठेवलेली असते तेव्हा नवती नसते, आणि प्रौढ सायला जुन्या पानांवर दिवस काढत असतात. ताण तोडण्याआधी एक फवारणी नीट केली तर नवतीवर अंडी घालायला फार थोड्या उरतात. एकदा फुलं आली की फवारणी बंद. फुलांवर मधमाश्या असतात, त्यांच्या जिवावर उठू नका. आणि मधेच कधीतरी पाणी सोडून, कधीतरी युरिया टाकून झाडाला अवेळी फूट आणू नका. बागेत सगळीकडं एकदम नवती आली तर एका फवारणीत काम होतं, झाडागणिक वेगवेगळी आली तर सायलाला कायमची पंगत मिळते.

फवारायचं की नाही हे ठरवायला पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर काठीनं तीनदा टपटप मारा. आमच्याकडं सून हे काम करते, दर शनिवारी, वीस झाडं, निम्मी कडेच्या ओळीतली. सायला तीन-चार मिलिमीटरची, तपकिरी ठिपक्यांची. बसते ती डोकं खाली आणि पाठ वर करून, पाचरीसारखी तिरपी. एकदा ओळखली की विसरत नाही. कडेच्या ओळी यासाठी की ती बाहेरून येते आणि आधी बांधावरच्या झाडांवर उतरते. तुमच्या बांधापलीकडं कुणाची सोडून दिलेली, टँकर परवडला नाही म्हणून वाळत टाकलेली मोसंबी असेल, तर तुमच्या पंपाला यश येणार नाही. त्या माणसाशी बोला. झाडं काढायला मजूर लागत असतील तर मजुरी वाटून घ्या. ती तुमच्या चार फवारण्यांपेक्षा स्वस्त पडेल. शेजारच्या पाच-सहा बागांनी एकाच आठवड्यात फवारलं तर सायलाला पळून जायला हिरवं उरत नाही.

आणखी एक. भिंग घेऊन शेंड्यावर चिकटलेली, सुकून तपकिरी झालेली पिल्लं बघा. त्यांच्या पुढच्या भागावर सुईनं पाडल्यासारखं गोल भोक असेल तर तुमच्या बागेत टॅमॅरिक्सिया आहे. डासाहून लहान गांधीलमाशी ही. मादी सायलाच्या पिल्लाखाली अंडं घालते आणि तिची अळी त्या पिल्लाला पोखरून खाते. अशी भोकं बरीच दिसली तर त्या आठवड्यात पंप खाली ठेवा.

प्रश्न : अमेरिकेतल्या फ्लोरिडात या रोगानं संत्र्याच्या बागा संपल्या असं वाचलं. तिथं झाडाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात म्हणे. आपल्याकडं ते मिळेल का? आणि आपली मोसंबीही अशीच संपणार का? मी नुकतंच वडिलांकडून शेत हातात घेतलंय.
— एक तरुण शेतकरी, ता. पैठण

उत्तर : बाळा, वाचलंस ते खरं आहे. फ्लोरिडात सायला १९९८ साली सापडली, रोग २००५ साली. १९९७-९८ च्या हंगामात तिथं संत्र्याच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या, २०२२-२३ मध्ये दीड कोटीच्या आसपास. पेटी सुमारे ४१ किलोची. त्यात वादळांचाही हात आहे, पण मूळ दुखणं हेच. किडीकडं सात वर्षं नुसती कीड म्हणून पाहिलं गेलं, आणि तिनं तोवर सगळं राज्य व्यापलं.

इंजेक्शन तिथं देतात, ऑक्सिटेट्रासायक्लिनचं, खोडाला भोक पाडून. झाड बरं होत नाही, काही काळ तग धरतं. पुन्हा पुन्हा द्यावं लागतं आणि खोडाला दर वेळी जखम होते. माणसाच्या उपयोगाचं औषध बागेत ओतणं मला पटत नाही, आणि मी ते सुचवणार नाही. गावात कुणी इंजेक्शनवाला आला तर त्याला चहा पाजून परत पाठव.

आपल्याकडं मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुला माहीत असावी असं वाटतं. सायला ही आशियातलीच कीड. ती हा रोग पसरवते हे भारतात सिद्ध केलं ते एस. पी. कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ यांनी, १९६७ साली. फ्लोरिडात रोग पोहोचण्याच्या अडतीस वर्षं आधी. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर हा रोग मातला तेव्हा तिथं सायलाच्या बंदोबस्ताला टॅमॅरिक्सिया नेली गेली ती भारतातून, १९७८ साली, आणि तिथं कीड आटोक्यात आली. म्हणजे शत्रू आपला जुना आहे, तसे मित्रही आपल्या मातीतलेच आहेत. आपण त्यांना औषधानं मारलं नाही तर.

'आपल्या उन्हात रोग मरतो' असं कुणी सांगेल. त्यावर विसंबू नकोस. आफ्रिकेतला जिवाणू उष्णतेला नाजूक आहे, आपल्याकडचा आशियाई जिवाणू तसा नाही. मे महिन्यात सायला कमी दिसते हे खरं, पण मृगाच्या पावसाबरोबर नवती येते आणि तीही येते.

वडिलांची बाग हातात घेतलीस तर पहिल्या वर्षी नवं काही लावू नकोस. आधी वहीत झाडांचा नकाशा काढ, ओळ आणि नंबर घालून. प्रत्येक पिवळ्या फांदीची तारीख त्यात लिही. तीन महिन्यांनी त्या नकाशावर रोग कुठून आत शिरतोय ते तुला दिसेल.

प्रश्न : नवी कलमं घ्यायची आहेत. काय बघून घ्यावीत? आणि रोगी झाड काढलेल्या खड्ड्यात पुन्हा मोसंबी लावली तर चालेल का? कात्रीनं रोग पसरतो का?
— एक शेतकरी, ता. बदनापूर

उत्तर : कात्रीची भीती या रोगासाठी बाळगू नका. तो पसरतो रोगी डोळ्यानं आणि सायलानं. कात्री तरी पुसून घ्यावी, ती इतर रोगांसाठी.

कलमाचं हिरवं पान बघून काहीही कळत नाही. रोग झाडात शिरल्यापासून दिसेपर्यंत काही महिने, कधी दोन-तीन वर्षं जातात. म्हणून कलम बघण्याऐवजी त्याची आई बघा. डोळा काडी कोणत्या मातृवृक्षाची, त्या झाडाची रोगासाठी तपासणी कधी झाली, कागद आहे का, हे विचारा. मातृवृक्ष जाळीच्या आत आहेत की उघड्यावर? कलमं शेडनेटमध्ये आहेत पण नेट फाटकं आहे का? रोपवाटिकेच्या कुंपणाला कढीपत्ता, कामिनी आहे का? खुंट, म्हणजे कलमाचं खालचं मुळांचं झाड, जंबेरी की रंगपूर लिंबू, हेही आपल्या जमिनीसाठी विचारायचंच, पण त्या आधीचे प्रश्न सोडू नका. उत्तर द्यायला जो कंटाळेल त्याच्याकडून कलम घेऊ नका. परवानाधारक रोपवाटिकेचंच, पावती घेऊन.

खड्ड्यात लावायला हरकत नाही. हा जिवाणू मातीत राहत नाही. जुनी मुळं नीट काढा, खड्डा उन्हात तापू द्या, आणि आजूबाजूची रोगी झाडं निघाल्याशिवाय नवं कलम आणू नका. कोवळ्या कलमाला बारा महिने नवती असते, म्हणून पहिली तीन वर्षं त्याच्यावर मोठ्या झाडापेक्षा जास्त लक्ष लागतं.

आमची ती सेहेचाळीस झाडं काढल्यानंतर दुसऱ्या वर्षी अकरा काढली, तिसऱ्या वर्षी तीन. यंदाच्या शनिवारच्या कागदावर आजवर एक सायला पडलीय, कडेच्या ओळीत, बारा नंबरच्या झाडावर. त्या झाडाला चिंधी बांधलीय आणि त्याची पानं तपासायला पाठवलीत.